गिरणगावातले काम कुठे गेले?

1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांची जन्मस्थळे मोजली गेली, तेव्हा त्यांतले जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता. या जिल्ह्यात कापूस पिकत नव्हता आणि रेल्वे पोहोचलेली नव्हती. तरीही शंभर कोसांवरच्या मुंबईत जे कापड निघत होते, त्यातला मोठा वाटा या जिल्ह्यातल्या हातांचा होता. आणि त्या कापडाच्या मजुरीतून खेड, चिपळूण, राजापूर, मालवणकडच्या घरांची चूल पेटत होती.

एखाद्या प्रदेशातला रोजगार कसा बदलला, हे सांगताना आपण सहसा शहरातली क्षेत्रे मोजतो. कारखान्यांतले काम इतक्याने घटले, सेवांमधले तितक्याने वाढले, असा हिशेब मांडला की बेरीज जुळते. मुंबईचीही जुळते. गिरण्या गेल्या, त्या जागी कचेऱ्या, बँका, मॉल आले; नोकऱ्या एकूण कमी झाल्या नाहीत. पण ज्याचे काम गेले तो माणूस आणि ज्याला नवे काम मिळाले तो माणूस एकच होता का, हा प्रश्न त्या बेरजेत येत नाही. गिरणगावाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे मला याच प्रश्नातून पाहायचे आहे.

कापसाच्या पेठेतून गिरणीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई हे बंदर होते आणि व्यापाराची पेठ होती. कापूस वऱ्हाड-खानदेशातून, गुजरातेतून यायचा आणि जहाजात भरून लँकेशायरला जायचा. शहरातले काम हे ओझी उचलण्याचे, गासड्या बांधण्याचे, गलबते भरण्याचे आणि दलालीचे होते. 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने ताडदेवला बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी केली आणि 1856 मध्ये तिच्यात सूत निघू लागले. कंपनी उभी राहण्याच्या आदल्याच वर्षी, 1853 मध्ये, बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली होती. ती पुढे घाट चढून कापसाच्या मुलखात पोहोचली आणि कच्चा माल थेट शहरात येऊ लागला.

1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजाराच्या वेडात प्रेमचंद रायचंदसारखे बडे सटोडियेही 1865 च्या घसरणीत कोसळले. पण त्या तेजीत कमावलेल्या पैशांपैकी जो टिकला, त्यातला बराच पुढे गिरण्यांकडे वळला. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, चीनला सूत जाऊ लागले, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. भायखळ्यापासून लालबाग, परळ, वरळी, नायगाव, दादरपर्यंत चिमण्यांची रांग लागली. या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले.

शेत गावाकडे, पगार मुंबईत

कोकणातून माणसे आधीपासून बाहेर पडत होती. भात एकाच हंगामात यायचे, जमिनीचे तुकडे लहान होते, आणि खोती पद्धतीत कुळाच्या हाती पिकाचा फार थोडा वाटा उरायचा. म्हणून लष्कर, पोलीस, बंदर, तांडेलकी, घरकाम अशा कामांना कोकणी माणूस जायचा. महार समाजातल्या अनेक कुटुंबांचा आधार लष्करी नोकरी हा होता. 1890 च्या दशकात ती भरती बंद झाली आणि या कुटुंबांना गोदी, रेल्वे आणि गिरण्यांचा रस्ता धरावा लागला. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या सुभेदार रामजींचे कुटुंब अशाच पिढीतले. त्यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे दोन दशकांहून अधिक काळ परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात राहिले.

गिरणीत शिरण्याचा दरवाजा मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या नात्यातला माणूस आणायचा, त्याबदली दस्तुरी घ्यायचा, आणि खाडा पडला तर दुसऱ्याला त्या जागी उभे करायचा. त्यामुळे एकेका खात्यात एकेका तालुक्याची माणसे साचली. चाळीतल्या एका खोलीत गावकरी मंडळाची वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी पथारी टाकायचा. आगोटीला पेरणीसाठी आणि पुढे शिमग्याला, गणपतीला तो गावी जायचा. बायको, मुले, म्हातारे आईबाप गावीच असायचे.

याची खूण लोकसंख्येत स्पष्ट उमटली. 1911 मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशे स्त्रियाही नव्हत्या. उलट रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या, आणि गिरण्या बंद पडल्यानंतरही, 2001 च्या जनगणनेत, तिथे हजार पुरुषांमागे 1,136 स्त्रिया नोंदल्या गेल्या. शेती बाईने करायची आणि रोख पैसा पुरुषाने मुंबईतून पाठवायचा, अशी कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कोकणच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात ते यामुळे. आणि या व्यवस्थेचा फायदा गिरणीमालकालाही होता. कामगाराचे म्हातारपण, आजारपण, बाळंतपण आणि मुलांचे संगोपन गावातली शेती आणि गावातली बाई सांभाळत होती. मालक मजुरी द्यायचा ती एकट्या माणसाच्या गरजेपुरती.

1896 मध्ये प्लेग आला तेव्हा गावाचा हा आधार किती मोठा होता ते मालकांना कळले. लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्यांत माणूस मिळेना, आणि एरवी जॉबरपुढे हात जोडून उभ्या राहणाऱ्या कामगाराला मालक रोजच्या रोज वाढीव मजुरी देऊ लागले. त्याच प्लेगने 1897 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांचा बळी घेतला. महात्मा फुल्यांच्या या सत्यशोधक सहकाऱ्याने 1884 मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली होती आणि 1890 मध्ये आठवड्याची रविवारची सुट्टी मिळवून दिली होती.

खात्यांची उतरंड

गिरणी बाहेरून एक दिसली तरी आत वेगवेगळ्या दर्जाची कामे होती. कापूस फोडण्या-पिंजण्याच्या खात्यात धुरळा आणि दमा, साचेखात्यात सूतकताई, वाइंडिंग-रीलिंगला बायका, आणि सगळ्यांत जास्त पगाराचे ते विणकामाचे कापडखाते. या कापडखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यात कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या तोंडाला लागलेल्या धोट्याचा विटाळ सवर्ण विणकऱ्यांना नको होता. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. समाजात जी दारे बंद होती, ती गिरणीतही सगळ्यांसाठी उघडली नव्हती.

तो 1928 चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने चालला. पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती आणि खर्च कमी करण्यासाठी मालक एका कामगाराला जास्त माग, जास्त चात्या सांभाळायला लावू पाहत होते. कमी माणसांत तेवढेच काम काढण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता, आणि त्याला विरोध करताना गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे हे नाव चाळीचाळीत पोहोचले. पुढच्याच वर्षी मीरत खटल्यात पुढारी तुरुंगात गेले, तरी संघटनेची सवय गेली नाही.

विसाच्या दशकात गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्यांत दर चार-पाच जणांमागे एक बाई होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, रात्रपाळीत बायकांना मनाई होती, आणि वाइंडिंग-रीलिंगमध्ये नवी यंत्रे आली. बाळंतपणाचा खर्च नको आणि तिन्ही पाळ्यांना चालेल असा माणूस हवा म्हणून मालकांनी बायकांच्या जागी पुरुष भरायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकापर्यंत गिरण्यांतल्या बायका शेकड्याला चार-दोन एवढ्याच उरल्या. 1982 च्या मोठ्या संपाच्या कितीतरी आधी गिरणगावातल्या बायकांची गिरणी बंद झालेली होती, आणि त्यासाठी संप झाला नव्हता.

त्या बायकांनी काम सोडले नाही, फक्त ते गिरणीच्या दाराबाहेर आले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण लागे, ते खाणावळवाल्या रांधत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण करायचे, पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे, आणि तोवर किराणा उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर चालायचा. संप झाला तर खाणावळवालीचे पैसे बुडायचे, तरी ती जेवण बंद करत नसे. या हजारो बायकांची नोंद कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हती. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्यांचे काम हे काम म्हणून मोजले गेले.

कायम नोकरीची वर्षे

दुसऱ्या महायुद्धानंतरची तीस वर्षे गिरणी कामगाराची त्यातल्या त्यात सुखाची होती. महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडला गेला होता. राज्य विमा योजना आली, प्रॉव्हिडंट फंड आला, पुढे 1972 मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा आला. बदली कामगार म्हणून दहा-दहा वर्षे गेटवर उभे राहावे लागे, पण एकदा कायम झाला की मुलाला चिकटवण्याची आशा असे. बायका-मुले मुंबईत येऊ लागली, मुले महापालिकेच्या शाळेत शिकू लागली. या वस्तीतून अण्णाभाऊ साठे, शाहीर अमरशेख, नारायण सुर्वे उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला गिरणगावाने आपली माणसे दिली. एका उद्योगाच्या स्थिर पगारावर केवढे सार्वजनिक जीवन उभे राहू शकते, हे या वर्षांत दिसले.

त्याच वेळी खालची जमीन सरकत होती, आणि ती तीन बाजूंनी सरकत होती.

पहिली बाजू शहरातल्या इतर कारखान्यांची. कुर्ला, भांडुप, ठाणे, ठाणे-बेलापूर पट्टा इथे इंजिनिअरिंग, रसायने, औषधे यांचे कारखाने वाढले. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि उद्योगांना शहराबाहेर आखीव जागा मिळू लागली. 1973 मध्ये अंधेरीला निर्यातीसाठी सीप्झ सुरू झाले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत काम करणाऱ्या शंभरांतले चाळीसच्या आसपास लोक कारखानदारीत होते, पण त्यातला कापडाचा वाटा घटत चालला होता. एकेकाळी शहरात सर्वांत बऱ्या पगाराचा समजला जाणारा गिरणी कामगार आता औषध कारखान्यातल्या शेजाऱ्याच्या पगाराकडे पाहू लागला.

दुसरी बाजू यंत्रमागांची. इचलकरंजीत 1904 पासून माग होते, भिवंडी आणि मालेगावला हातमागाची जुनी परंपरा होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागाला संरक्षण देण्यासाठी गिरण्यांच्या विणकामाची वाढ रोखली, आणि त्या रिकाम्या जागेत हातमागाऐवजी यंत्रमाग वाढला. चार-सहा मागांच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या मीटरवर, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. गिरणीत जे कापड निघे तेच इथे बरेच स्वस्तात निघू लागले. गिरणीमालकच यंत्रमागावर कापड विणून घेऊन त्यावर आपला शिक्का मारू लागले. विणकाम संपले नाही, ते कायद्याच्या कक्षेतून निघून कायद्याच्या बाहेर गेले. परळच्या रत्नागिरीकराचे आणि साताऱ्याकडच्या माणसाचे काम भिवंडीत उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्या मजुराच्या हाती, फार कमी पैशांत गेले.

तिसरी बाजू मालकांच्या हिशेबाची. कित्येकांनी यंत्रे बदलण्यासाठी पैसा घातला नाही. गिरणीतला नफा दुसऱ्या धंद्यांत नेला. गिरण्या आजारी पडल्या. 1968 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे अशा गिरण्या येत गेल्या आणि 1974 मध्ये देशभरातल्या 103 गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले.

1982

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. ती बदलणे कामगारांना जवळपास अशक्य होते. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला आणि कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. घाटकोपरला दवाखाना चालवणारे सामंत इंजिनिअरिंग आणि इतर कारखान्यांत मोठ्या पगारवाढीचे करार करून देणारे म्हणून ओळखले जात होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले.

संप कसा हरला याची अनेक कारणे सांगितली गेली आहेत. मालकांकडे न विकलेला साठा होता आणि यंत्रमाग चालू होते. केंद्र सरकार सामंतांशी बोलायला तयार नव्हते, कारण एका क्षेत्रातला विजय गोदी, रेल्वे आणि इतर क्षेत्रांत पसरेल अशी भीती होती. कामगारांच्या बाजूने पाहिले तर एवढा लांब संप टिकला तो गावांमुळे. हजारो कुटुंबे कोकणात आणि सातारा-सांगली-कोल्हापुराकडे गेली; गावाने वर्षभर त्यांना पोसले. बायकांनी मंगळसूत्रे विकली, भांडी घासायची कामे धरली, भाजीच्या पाट्या घेऊन बसल्या. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. दीड वर्षात तो विरत गेला. गिरण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा एक लाखाहून अधिक कामगारांना कामावर परत घेतले गेले नाही.

संपामुळे गिरण्या बंद पडल्या, असे सर्रास म्हटले जाते. ते मला मान्य नाही. त्यानंतरही बहुतेक गिरण्या चालू होत्या. 1983 मध्ये सरकारने आणखी तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, आणि मुंबईतल्या 58 गिरण्यांपैकी 25 वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच पारड्यात ठेवले आणि आजारी गिरणी बंद करण्याची वाट सोपी केली. घसरण संपाच्या वीस वर्षे आधी सुरू झाली होती आणि शेवटचे दरवाजे बंद झाले ते संपाच्या वीस वर्षे नंतर. संपाने एवढे केले की जे हळूहळू, कराराने आणि भरपाईने व्हायला हवे होते, ते एका झटक्यात आणि भरपाईविना झाले.

जमिनीचा तिसरा हिस्सा

गिरण्यांखाली सुमारे 600 एकर जमीन होती, शहराच्या अगदी मध्यात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक हिस्सा म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक हिस्सा मालकाला. जमीन विकून आलेला पैसा कामगारांची देणी आणि गिरणीचे आधुनिकीकरण यांसाठी वापरायचा होता. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा सुचवला.

हा नियम माझ्या मते त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय होता. एक क्षेत्र संपत होते आणि दुसरे येत होते; त्या दोहोंमधला खर्च भागवायला शहराकडे एकच भांडवल होते, ते म्हणजे ही जमीन. तिचा दोन तृतीयांश भाग सार्वजनिक झाला असता तर कामगारांना घरे, मुलांना शिक्षण, आणि परळला नव्या प्रकारच्या कामांसाठी जागा मिळाली असती. पण 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. बांधकामाखालची जमीन मालकाची. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन किती असणार? सार्वजनिक वाटा नाममात्र उरला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. त्याच्या आदल्या वर्षी, 2005 मध्ये, ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनसारख्या सरकारी गिरण्यांच्या जमिनी शेकडो कोटींना लिलावात गेल्या होत्या.

कामगारांना जे थोडे मिळाले ते लढून मिळाले. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर यांनी 1989 मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली आणि 2021 मध्ये निधन होईपर्यंत ते कामगारांच्या देण्यांसाठी, घरांसाठी झगडत राहिले. 2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. अर्ज होते जवळपास दीड लाख.

नवे काम, नवी माणसे

नव्वदच्या दशकापासून गिरणगावात आणि मुंबईत जे काम आले ते खरोखर मोठे होते. वांद्रे-कुर्ला संकुलात वित्तसंस्था आल्या, राष्ट्रीय शेअर बाजार आला. फिनिक्स मिलमध्ये मॉल झाला, कमला मिलमध्ये वृत्तवाहिन्या, जाहिरात कंपन्या आणि हॉटेले आली, मालाडला कॉल सेंटरे उघडली. परळ-वरळीला माध्यमे आणि बँकांचे मनोरे उभे राहिले. पण पन्नाशीतला साचेखात्यातला माणूस कॉल सेंटरमध्ये जाऊ शकत नव्हता. तो सोसायटीचा वॉचमन झाला, कुरिअर वाटू लागला, भाजीची गाडी लावू लागला, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन गावी गेला. गिरणीच्या कापडखात्यातला कारागीर त्याच आवारात उभ्या राहिलेल्या मॉलच्या दाराशी खाजगी एजन्सीच्या गणवेशात बारा तास उभा राहिला.

त्याच्या मुलांच्या बाबतीत वाट थोडी वेगळी झाली. ज्यांना दहावी-बारावीपुढे शिकता आले आणि इंग्रजी जमले, ते बँकेत, विमा कंपनीत, दुकानात, रुग्णालयात लागले. ज्यांच्या शिक्षणाची ऐन वर्षे 1982 ते 1990 मधली होती, त्यांची शाळाच संपात आणि नंतरच्या ओढाताणीत सुटली. हे वय वाईट ठरले. त्यांच्यातून कंत्राटी सफाई कामगार, ड्रायव्हर, आणि टोळ्यांच्या हाती सापडलेली मुलेही निघाली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकातले कुटुंब याच पिढीचे आहे.

याआधीच एक वेगळे उदाहरणही मुंबईत घडले होते. घाटावरून, विशेषतः साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कामगारांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 मध्ये कायदा झाला. मालक बदलता असला, काम तुटक असले, तरी नोंदणी मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, फंड आणि औषधोपचार कायम. 1981 मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही अशा मंडळाचा कायदा झाला. म्हणजे कायम कारखान्याविना कामगाराला संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राने सिद्ध केले होते. गिरणीतून बाहेर पडलेल्या लाखभर लोकांसाठी ती वाट मोठ्या प्रमाणावर वापरली गेली नाही.

दुसऱ्या टोकाला

मनीऑर्डर आटल्यावर कोकणाला दुसरे काही शोधावे लागले. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कातळावर हापूस आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. जानेवारी 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला. काजू कारखान्यांत बायकांना रोजगार मिळाला, मालवणला पर्यटकांसाठी घरगुती खोल्या निघाल्या. पण गिरणीने जशी एका तालुक्यातली हजारो माणसे एकगठ्ठा घेतली, तसे यांतले कोणतेच क्षेत्र घेऊ शकले नाही.

2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना तीन जिल्ह्यांची घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. रत्नागिरीची 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली, सिंधुदुर्गाची 8.69 लाखांवरून 8.50 लाखांवर, मुंबई शहराची 33 लाखांहून 31 लाखांच्या आत. गिरणीने ज्या दोन टोकांना शंभर वर्षे बांधून ठेवले होते, ती दोन्ही टोके एकाच दशकात ओस पडू लागली. गिरणगावातला माणूस डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूरकडे सरकला. कोकणातला तरुण पुणे, ठाणे, गोवा आणि आखाती देशांकडे.

क्षेत्रांची उलथापालथ थांबवता येत नाही. भिवंडीत यंत्रमागांच्या शेड आता गोदामांना जागा देत आहेत, ठाणे-बेलापूरच्या रसायन कारखान्यांच्या जागी संगणक कंपन्या आल्या आहेत, आणि उद्या कॉल सेंटरांतले कामही यंत्रे घेतील. गिरण्यांचे जाणेही टळले नसते. पण ते जाणे कोणाच्या खर्चाने व्हावे, हे माणसांनी ठरवले: 1985 च्या धोरणात ठरवले, 2001 च्या नियमात ठरवले. कामगाराची भरपाई, त्याच्या मुलांचे शिक्षण, घरासाठी जमीन, आणि कंत्राटी कामालाही फंड-औषधोपचाराचे संरक्षण या चारही गोष्टी त्या वेळी हाताशी होत्या. आज एखाद्या प्रदेशातले काम एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात गेल्याचा आकडा समोर आला, तर त्याच्यासोबत याच चार गोष्टींचा हिशेब मागितला पाहिजे, आणि तो काम गेलेल्या माणसाच्या नावाने मागितला पाहिजे.